खेपरी: सूर्य ढकलणारा शेणकिडा देवघरात ठेवावा का?

माजघर (९ जानेवारी)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आईला घेऊन इजिप्तला जाऊन आले. आई ७१ वर्षांची, दीड वर्षापूर्वी बायपास झालेली. शाळेत इतिहास शिकवायची तेव्हापासून तिला एकदा पिरॅमिड बघायचे होते. ते बघून झाले, पण तिचं मन अडकलं भलत्याच ठिकाणी.

लक्सरला कर्नाकच्या देवळात पवित्र तलावाच्या कोपऱ्यावर एका उंच चौथऱ्यावर ग्रॅनाइटचा भलामोठा भुंगा बसवलेला आहे. तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या काळचा, म्हणजे जवळजवळ ३४०० वर्षांपूर्वीचा. वाटाड्या म्हणाला, सात फेऱ्या मारा, मनातली इच्छा पुरी होते. सगळे लोक भुंगा डाव्या हाताला ठेवून भराभर फिरत होते. आई जरा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "देवाला उजवी घालतात गं," आणि त्या सगळ्या गर्दीच्या उलट दिशेने एकटी फिरायला लागली. सातही फेऱ्या पुऱ्या केल्या. समोरून येणारे लोक तिला वाट करून देत होते.

नंतर कळलं की तो साधा भुंगा नाही, शेणकिडा आहे. खेपरी नावाचा देव, उगवत्या सूर्याचा. आईने बाजारातून हिरव्या दगडाचा अंगठ्याएवढा एक घेतला आणि घरी आल्यावर देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी ठेवला. चार दिवसांनी काकू आल्या. "शेणातला किडा देवांत मांडलास?" एवढंच म्हणाल्या. आई काही बोलली नाही. संध्याकाळी बघितलं तर तो रुमालात गुंडाळून कपाटाच्या खणात ठेवलेला. मला ते फार लागलं.

तर विचारायचंय ते असं. इतक्या प्राण्यांमधून या लोकांनी सूर्यासाठी शेणात राहणारा किडाच का निवडला? आणि तो देवघरात ठेवला तर काही चुकतं का? जाणकारांनी सांगावं.

पाटीपेन्सिल

वाचते आहे. आईंना माझा नमस्कार सांगा. परक्या देशात, परक्या देवाला, गर्दीच्या उलट एकटीने उजवी घालणं मला फार आवडलं.

नाईलकाठी

नोकरीमुळे सहा वर्षं कैरोत काढली, सुट्टी मिळाली की लक्सर गाठायचो. माहीत आहे तेवढं सांगतो.

सुरुवात शब्दापासून करायला हवी. प्राचीन इजिप्शियन चित्रलिपीत या भुंग्याचं चित्र काढलं की ते 'खेपर' असं वाचतात, आणि खेपर म्हणजे होणे, रूप घेणे. भुंग्याचं चित्र आणि 'होणे' हे क्रियापद, दोन्हींना एकच अक्षर. खेपरी म्हणजे 'जो होतो आहे तो'. सूर्याची तीन रूपं मानत: सकाळचा खेपरी, माध्यान्हीचा रा, मावळतीचा आतुम. एका जुन्या कथेत सूर्यदेव स्वतःच म्हणतो की मी सकाळी खेपरी, दुपारी रा आणि संध्याकाळी आतुम. आतुम म्हातारा, काठी टेकत चालणारा. म्हणजे सूर्य रोज म्हातारा होतो आणि रोज नव्याने 'होतो'.

मधल्या रात्रीचं वर्णन फार सुंदर आहे. मावळलेला सूर्य नावेत बसून बारा तास पाताळातून प्रवास करतो. राजांच्या दरीत तिसऱ्या थुतमोसच्या थडग्यात भिंतींवर तासातासाचा हिशोब काढलेला आहे, साध्या काड्यांसारख्या आकृत्यांनी, जणू भिंतीवर पोथीच उलगडून चिकटवली आहे. बाराव्या तासात ती नाव एका प्रचंड सापाच्या शेपटीतून आत शिरते आणि तोंडातून बाहेर पडते. आत जाणारे थकलेले म्हातारे असतात, बाहेर येतात ते बालक होऊन. तिथे शेवटी भुंगा काढलेला आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथे किती वेळ उभा होतो ते मला आठवत नाही. पहारेकऱ्याने हाक मारली तेव्हा भानावर आलो.

आणि नेफरतारी राणीच्या थडग्यात खेपरी सिंहासनावर बसलेला दिसतो. धड माणसाचं, आणि मानेवर डोक्याच्या जागी अख्खा भुंगा. ऐकायला विचित्र वाटेल, पण बघताना वाटत नाही.

कोशिंबीर

रोज पूर्वेकडून पश्चिमेकडे खेपा घालतो तो खेपरी! मराठी माणसाला हे नाव समजावून सांगायची गरजच नाही. :)

नाईलकाठी

@कोशिंबीर, हाहा! आता मला हे नाव दुसऱ्या कुठल्याही अर्थाने वाचता येणार नाही.

बांधावरचा

आमच्या रानात हा किडा लहानपणापासून बघतोय, म्हणून लिहितो.

पहिला पाऊस पडून गेला की हे जमिनीतून वर येतात. गाईने पो टाकला की कुठून वास लागतो कोण जाणे, पाच मिनिटांत पहिला हजर. पुढच्या पायांनी नि कपाळाच्या फावड्याने शेण कापतो, थापतो, गोल करतो. कुंभार चाकावर करतो तितका गोल. मग उलटा होतो, पुढचे पाय जमिनीवर, मागचे पाय गोळ्यावर, आणि मागे मागे ढकलत नेतो. गोळा त्याच्यापेक्षा कितीतरी जड. आपण कुठं चाललोय ते त्याला दिसतही नसतं, तरी रेघ मारल्यासारखा सरळ जातो. वाटेत ढेकूळ आलं तर वळसा घालत नाही. चढतो, पडतो, परत चढतो. लहानपणी आम्ही काडी घालून अडवायचो तर आजी ओरडायची, "त्याचं पोट हाय त्यात, हात लावू नको."

गोळा जमिनीत पुरतो. शेण खाली जातं, माती भुसभुशीत होते, पाणी मुरतं. फुकटात नांगरट आणि खत. ज्यांनी याला देव केलं ते शेती जाणणारे लोक असणार, एवढं मी खात्रीने सांगतो.

पाटीपेन्सिल

बांधावरचा, किती छान लिहिलंय. मी शहरात वाढले, हा किडा अजून एकदाही बघितलेला नाही.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण थोडं सावधपणे वाचूया.

भुंगा गोळा ढकलतो, सूर्यही गोळा, म्हणून भुंगा सूर्य ढकलतो, हे पटण्यासारखं आहे. पण पुढे नेहमी एक गोष्ट जोडली जाते, की इजिप्शियन लोक समजत या किड्यात मादी नसतेच, नर एकटाच शेणातून स्वतःसारखा जीव निर्माण करतो, म्हणून तो 'स्वयंभू'. हे आपल्यापर्यंत आलंय ते ग्रीक लेखकांकडून. प्लुटार्क लिहितो की योद्ध्यांच्या अंगठीवर भुंगा कोरत, कारण त्यांच्यात मादी नसते. पण प्लुटार्क इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याच्या वेळी खेपरीची उपासना दोन हजार वर्षांहून जुनी झालेली होती. परक्या माणसाने उशिरा लिहिलेलं ते 'इजिप्तचं रहस्य' म्हणून वाचू नये.

दुसरं म्हणजे हल्ली 'तुमचा आत्मिक प्राणी कोणता' छापाच्या लेखांत हा भुंगा परिवर्तन, समृद्धी, आकर्षणशक्ती असं काहीही होतो. त्याचा त्या भिंतींशी काही संबंध नाही.

तिसरं, आता इथे कुणीतरी आपल्याकडचा सूर्य म्हणजे मार्तंड आणि सृष्टीचं सोनेरी अंडं म्हणजे हिरण्यगर्भ आणणार. कृपया साम्य म्हणजे नातं समजू नका.

ओवीवेल्हाळ

शंकासुर, तुमचा पहिला मुद्दा मान्य. तिसऱ्याच्या आधीच मी हात वर करते, पण मार्तंड आणत नाही, कुंभारीण आणते.

लहानपणी घराच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घर सगळ्यांनी बघितलं असेल. आम्हाला सांगायचे की ती एक अळी आणते, आत कोंडते, बाहेर बसून गुणगुणत राहते. अळी भीतीने सतत तिचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता तिच्यासारखीच होऊन बाहेर पडते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये हीच शेवटची. नाथमहाराजांनी एकादशावरच्या टीकेत ती मराठीत आणली. तिथून कीर्तनात, तिथून आजीच्या तोंडी.

प्रत्यक्षात काय घडतं? माशी अळीला डंख मारून लुळी करते, तिच्यासोबत अंडं घालते, माशीचं पिल्लू अळी खाऊन मोठं होतं आणि बाहेर येतं. अळीची माशी कधीच होत नाही. पण बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं? आत अळी गेली, बाहेर माशी आली.

शेणकिड्याचंही अगदी तसंच. शेणाचा गोळा जमिनीत गेला, काही दिवसांनी तिथून नवा चकचकीत भुंगा आला. बघणं चुकलं असेल, दोन्हीकडे चुकलं. पण त्यावरून जे सांगितलं ते चुकलं का? 'ज्याचं ध्यान कराल ते व्हाल' हे माशीच्या खऱ्या चरित्रावर अवलंबून आहे असं मला वाटत नाही. मी इजिप्त आणि पैठण यांचा संबंध जोडत नाहीये. माणूस सगळीकडे खाली वाकून किड्यांकडे बघत आला आणि तिथून त्याला देवाविषयी बोलायला शब्द मिळाले, एवढंच म्हणते.

शंकासुर

ओवीवेल्हाळ, हे मला आवडलं. तरी एक प्रश्न उरतो. निरीक्षण खोटं ठरल्यावर प्रतीक तसंच धरून ठेवायचं, तर मग खऱ्या-खोट्याचं मोलच काय? मी शाळेत मुलांना कुंभारीण माशीचं खरं चक्र शिकवतो. त्यांचे डोळे विस्फारतात. खरं चक्र दृष्टांताहून कमी अद्भुत नाही.

ओवीवेल्हाळ

शिकवाच. मीही तेच शिकवीन. आणि संध्याकाळी दृष्टांतही सांगीन. मुलांना दोन्ही पेलतं.

बांधावरचा

शंकासुर सर, मादी नसते हे कुणी म्हटलं असेल तर त्याने नीट बघितलेलं नाही. कधी कधी जोडीने ढकलतात, एक ढकलतो नि एक गोळ्याला चिकटून बसते.

शंकासुर

बरोबर आहे तुमचं. शिवाय जमिनीवर ढकलताना दिसतो तो गोळा बहुतेक वेळा खाण्याचा असतो. अंड्याचा गोळा मादी जमिनीखाली घडवते, आणि तो गोल नसतो, पेरूसारखा असतो. निमुळत्या टोकात अंडं. फ्रान्समधल्या फाब्र या कीटकनिरीक्षकाने हे १९व्या शतकाच्या अखेरीस उलगडलं. त्याने वर्षानुवर्षं शोधलं, आणि शेवटी तो 'पेरू' उकरून त्याच्या हातात आणून दिला एका मेंढपाळ पोराने.

बांधावरचा

पोरगं रानातलं होतं ना, त्याला सापडणारच. हे वाचून लय बरं वाटलं.

थेम्सकाठची मैना

लंडनहून लिहिते. इथल्या ब्रिटिश म्युझियममध्येही एक प्रचंड दगडी भुंगा आहे, दीड मीटर लांब, तोही इजिप्तचाच, पण सापडला इस्तंबूलमध्ये. शनिवारी मुलांना घेऊन जाते तेव्हा धाकटी तिथून हलत नाही.

शंकासुर यांच्या मुद्द्यात भर घालते. हे भुंगे नुसते देवाचे नव्हते, कामाचेही होते. पाठ भुंग्याची, पोट सपाट, पोटावर नाव कोरलेलं. ओल्या मातीवर दाबलं की शिक्का. गाठोडं, रांजण, दार, सगळ्यावर ती मोहोर. बहुतेक मऊ दगडाचे, वर निळा-हिरवा झिलईचा थर, लांबीतून आरपार भोक, म्हणजे दोऱ्यात ओवून बोटात किंवा गळ्यात घालता येतं. आणि कर्नाकचा भुंगा ज्याचा, तो तिसरा आमेनहोतेप तर त्यांच्यावर बातम्या कोरून दूरदूर पाठवायचा: तीये राणीशी लग्न झालं, राणीच्या आईवडिलांची नावं ही, मी इतके सिंह मारले, राणीसाठी तलाव खोदला. असे दोनशेच्या वर आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हृदयाचा भुंगा. मृतदेह जतन करताना मेंदू काढून टाकत, हृदय मात्र जागेवर ठेवत, कारण विचार, स्मरण, सगळं हृदयात असं ते मानत. पुढे न्याय होणार तेव्हा हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि दुसऱ्यात मात देवीचं पीस, म्हणजे सत्य. हृदय जड निघालं तर मगरीच्या तोंडाची, सिंहाच्या धडाची आणि पाणघोड्याच्या मागच्या अंगाची अम्मित ते गिळणार, आणि मग पुन्हा जन्म नाही. म्हणून छातीवर हिरव्या दगडाचा भुंगा ठेवत आणि त्याच्या पोटावर हृदयाला उद्देशून मंत्र कोरत. मृतांच्या पोथीतला तो तिसावा मंत्र. त्याची सुरुवात मी माझ्या शब्दांत सांगते: "माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्या नाना रूपांच्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस." 'नाना रूपांच्या' इथे शब्द आहे तो खेपरच.

माझी आई गेली तेव्हा मी इथे होते, पोहोचू शकले नाही. 'आईकडून मिळालेल्या हृदया' हे त्या काचेसमोर वाचताना मला रडू आवरलं नव्हतं.

पाटीपेन्सिल

मैना, काय बोलावं कळत नाही.

कोशिंबीर

म्हणजे तिथेही हिशोब होता तर. लेखणी घेऊन नोंद करणारा पक्ष्याच्या तोंडाचा थोथ, आणि आपल्याकडे चित्रगुप्त! शंकासुर, मी नातं जोडत नाहीये, दोघांची भेट घालून द्यायला आवडलं असतं एवढंच.

माजघर (११ जानेवारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. कुंभारणीचं ऐकून ती खूप हसली, तिच्या आजीनेही तिला तेच सांगितलं होतं.

पण मैनाताई, तुमचं वाचताना माझा आवाज अडला. हिरवा दगड, हृदय, छाती. आईची बायपास झाली आहे आणि तिने नेमका हिरवाच निवडला. म्हणजे आम्ही घरात मृतांसाठीची वस्तू आणली का? तिला तेवढा भाग वाचून दाखवला नाही.

थेम्सकाठची मैना

अरेरे, माजघर, माझ्या लक्षातच आलं नाही. माफ करा. प्रत्येक हिरवा भुंगा हृदयाचा नसतो! जिवंत माणसं, लहान मुलं, सगळे हे भुंगे अंगावर घालत. हृदयाचा भुंगा मोठा, तळहातात मावेल एवढा असतो आणि त्याच्या पोटावर तो मंत्र ओळीओळीने भरलेला असतो.

नाईलकाठी

मैना म्हणतात ते बरोबर आहे. अंगठ्याएवढा म्हणजे ताईतच. माजघर, तो उलटा करून बघा. खाली काय कोरलंय?

आणखी एक, जुनी वस्तू असण्याचीही भीती बाळगू नका. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने इजिप्तमधून पुरावस्तू बाहेर नेणं बंद आहे. बाजारात मिळतात ते आजच्या कारागिरांनी केलेले. लक्सरला नदीपलीकडे दगडकाम करणाऱ्यांची घरंच्या घरं आहेत.

माजघर

बघितलं. खाली चार चिन्हं एकाखाली एक आहेत. सगळ्यात वर एक गोल. त्याखाली भुंगा. त्याखाली तीन छोट्या उभ्या रेघा. सगळ्यात खाली अर्धगोल, वाटीसारखं किंवा टोपलीसारखं.

नाईलकाठी

माजघर, तुमच्या आईने तुतनखामन घरी आणलाय!

वाचू या. वरचा गोल म्हणजे सूर्य, 'रा'. भुंगा म्हणजे 'खेपर'. तीन रेघा म्हणजे अनेकवचन, म्हणून 'खेपेरू', रूपं. टोपली म्हणजे 'नेब', स्वामी. सूर्याचं चिन्ह मानाने आधी लिहितात, पण वाचताना शेवटी येतं: नेब-खेपेरू-रा. अर्थ साधारण 'रूपांचा स्वामी रा'. तुतनखामन राज्यावर बसला तेव्हा घेतलेलं हे नाव. १९२२ च्या नोव्हेंबरात त्याचं थडगं सापडलं त्यात हे नाव जागोजागी आहे.

त्याच्या छातीवरच्या एका दागिन्यात मधोमध पिवळसर हिरवा भुंगा आहे. आधी तो साधा खनिज दगड समजत. १९९०च्या दशकात कळलं की ती वाळवंटातली नैसर्गिक काच आहे. जवळपास तीन कोटी वर्षांपूर्वी आकाशातून काहीतरी कोसळलं, त्या उष्णतेने वाळू वितळून झालेली. तेव्हाच्या कुणाला हे माहीत असणं शक्य नव्हतं, तरी सूर्याच्या भुंग्यासाठी त्यांनी तीच काच निवडली. मला हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

माजघर

नेब-खेपेरू-रा! आईला आत्ता सांगितलं. ती म्हणाली, "बघ, वाटीत काहीतरी वाढलेलं आहे असं मला पहिल्यापासून वाटत होतं."

अवकाशवेडा

उशिरा आलो. बांधावरचा यांनी लिहिलंय की मागे बघत ढकलतो तरी रेघ मारल्यासारखा सरळ जातो. त्याचं कारण आकाशात आहे.

पोवाभोवती भुंग्यांची गर्दी असते, आयता गोळा पळवणारे असतात, म्हणून शक्य तितकं सरळ आणि लवकर लांब जायचं. त्यासाठी तो आधी गोळ्यावर चढून गोल फिरतो, आकाश बघून घेतो, मग उतरून ढकलायला लागतो. दिवसा सूर्य, रात्री चंद्र. आणि चंद्र नसेल तेव्हा? स्वीडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी काही भुंग्यांना पुठ्ठ्याच्या छोट्या टोप्या घातल्या, म्हणजे आकाश दिसू नये. ते भरकटले. मग त्यांनी भुंगे जोहान्सबर्गच्या तारांगणात नेले आणि घुमटावर नुसता आकाशगंगेचा पट्टा दाखवला. भुंगे सरळ गेले. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

ओवीवेल्हाळ, निरीक्षण चुकलं तरी दृष्टांत टिकतो असं तुम्ही लिहिलंत. इथे तर त्याच्याही पुढचं आहे. 'या किड्याचं सूर्याशी काहीतरी आहे' हे त्यांचं म्हणणं शब्दशः खरंच निघालं.

ओवीवेल्हाळ

अवकाशवेडा, हा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला आहे.

शंकासुर

छान माहिती. तरी इजिप्शियनांना हे माहीत होतं असा निष्कर्ष काढू नये. भुंगा सूर्य बघून चालतो हे त्यांनी कुठे लिहिलेलं नाही. पण अवकाशवेडा तसं म्हणतही नाहीयेत, हे मान्य.

गोठा आणि गवत

मी पशुवैद्य. सगळे देवाविषयी बोलताय, मी देवाच्या तब्येतीविषयी सांगतो.

जनावराला जंतासाठी आयव्हरमेक्टिन टोचलं की त्याचा अंश शेणातून बाहेर पडतो. पुढचे कित्येक दिवस त्या शेणात शेणकिड्याच्या अळ्या नीट वाढत नाहीत, मरतात. शेण पडून राहतं, वरून वाळतं, माश्या वाढतात. ऑस्ट्रेलियात वेगळ्या कारणाने हेच झालं होतं. तिथले किडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांवर जगणारे, गाईगुरांच्या ओल्या शेणाला ते पुरेनात. कुरणं शेणाखाली झाकली, माश्यांनी लोक हैराण. शेवटी १९६०च्या दशकापासून सरकारी संशोधन संस्थेने आफ्रिकेतून, युरोपातून शेणकिडे नेऊन सोडले.

औषध देऊ नका असं मी म्हणत नाही. गरज असेल त्याच जनावराला द्या, शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या कळपाला एकदम देऊ नका. बाकी आपल्या डॉक्टरांना विचारून.

बांधावरचा

डॉक्टर, म्हणजे आमच्याकडं कमी झालेत ते यामुळं? मी आपला ट्रॅक्टरला दोष देत होतो.

गोठा आणि गवत

ट्रॅक्टरही आहेच. पण मुख्य म्हणजे गोठे रिकामे झाले. शेणच नाही तर किडा कुठून येणार?

पाटीपेन्सिल

अवांतर: कर्नाकला माझी बहीण गेली होती. तिला वाटाड्याने सांगितलं, तीन फेऱ्या नशिबासाठी, सात लग्नासाठी, आणि मूल हवं असेल तर आणखी जास्त. त्यामुळे फेऱ्यांचा आकडा प्राचीन नसावा!

नाईलकाठी

बरोबर. फेऱ्या ही पर्यटकांची आजकालची रीत. तो भुंगाही मुळात तिथला नाही, नदीपलीकडे राजाच्या स्मारकमंदिरात होता, तिथून आणलेला. आईंनी उजवी घातली ते कोणत्याही नियमाविरुद्ध नव्हतं.

ओवीवेल्हाळ

मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो राहूनच गेला.

माजघर, आपण अंगण शेणाने सारवतो. दिवाळीत शेणाच्या गवळणी करून त्यांना हळदकुंकू वाहतो. शेण आपल्याला कधीच घाण नव्हतं. मग त्यातला किडा तेवढा हलका कसा? काकूंना हे प्रेमाने सांगून बघा. आणि नाहीच पटलं तर वाद घालू नका. देवघर आईंचं आहे, त्यात कोण बसणार हे त्या ठरवतील.

शंकासुर

ओवीवेल्हाळ यांच्याशी पूर्ण सहमत. मी स्वतः पूजा करत नाही, पण रुमालातून बाहेर काढा असंच म्हणेन.

कोशिंबीर

+१. रूपांच्या स्वामीला खणात कोंडू नका.

माजघर (१९ जुलै)

धागा वर काढते आहे, क्षमस्व. पण तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

जानेवारीतच आईने तो खणातून काढला. देवघरात मात्र ठेवला नाही. म्हणाली, "काकूंसाठी नाही गं. देवघर पडतं आत, तिथे ऊन येत नाही. त्याला ऊन हवं." स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेची आहे, तिच्या कट्ट्यावर ठेवला. सकाळी चहा टाकताना त्याच्यावर ऊन येतं. काकू परवा येऊन गेल्या, जाताना त्यांनी खिडकी पुसली आणि त्याला उचलून परत जागेवर ठेवला, तोंड उन्हाकडे करून. कुणी काही बोललं नाही.

मग आईने हट्ट धरला की खरा बघायचा. गेल्या आठवड्यात मामाच्या गावी गेलो. पाऊस थांबला होता. मामाने गाई सोडल्या आणि आम्ही बांधावर वाट बघत बसलो, आई खुर्चीवर, मी आणि माझी मुलगी खाली. बराच वेळ काही नाही. मग मुलगीच ओरडली. एक होता, बोराएवढा गोळा घेऊन निघालेला, उलटा, डोकं खाली. गोळ्यावर चढला, एक गिरकी घेतली, उतरला आणि ढकलायला लागला. बैलगाडीच्या चाकोरीत गोळा घसरून खाली गेला. परत वर आणला, परत गेला. चौथ्यांदा मुलीने काडी उचलली तेव्हा आईने तिचा हात धरला. "त्याचं पोट आहे त्यात," म्हणाली. बांधावरचा, तुमच्या आजीचं वाक्य तिला पाठ झालंय.

सहाव्या वेळी तो चाकोरी चढून गेला. आम्ही तिघी तो गवतात दिसेनासा होईपर्यंत बघत होतो. आईच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, उठताना मामाने आधार दिला.

मैनाताई, परत येताना गाडीत मी आईला तो मंत्र सांगितला, जो तेव्हा वाचून दाखवला नव्हता. तिने तो दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाली, "आईकडून मिळालेलं हृदय. माझ्या आईचंही असंच दुखायचं."

थेम्सकाठची मैना

माजघर, आईंना माझ्याकडून एक घट्ट मिठी द्या.

बांधावरचा

मामांचं गाव कोणतं? आमच्याकडं यंदा अजून दिसला नाही. पाऊस उशिरा आहे. उद्या सकाळी परत बघतो.